मुलांना चांगल्या सवयींची गोडी कशी लावावी : घरातल्या घरात करता येणारी क्रमवार तयारी

मराठीत सवय लागते आणि गोडीही लागते. दोन्हींना क्रियापद एकच, पण मुलांच्या बाबतीत आपण बहुतेकदा सवयीच्या मागे लागतो आणि गोडी आपोआप येईल असे धरून चालतो. दात घास, हात धू, भाजी संपव, मोबाइल ठेव, आता झोप, अशा आज्ञा दिवसाअखेरी मोजल्या तर त्या देणाऱ्यालाही थकवा येईल. हा लेख साधारण तीन ते दहा वर्षांची मुले असलेल्या घरांसाठी आहे आणि त्यात सुचवलेले जवळजवळ सर्व काही दोन खोल्यांच्या घरात, नोकरी सांभाळून, फारसा वेगळा खर्च न करता जमण्यासारखे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, सवयीच्या कामात मुलाचा खराखुरा वाटा असेल आणि ते करताना घरातले मोठे माणूस सोबत असेल, तर ते काम मुलाला आवडू लागते. गाणी, स्टिकर, कार्टूनची ताटे यांचा उपयोग त्यानंतर.

पहिली पायरी : आठवडाभर काहीही न बदलता पाहावे

सुरुवातीला कोणताही नियम करू नये. वहीचे एक पान घेऊन सात दिवस फक्त नोंदी कराव्यात. मूल किती वाजता उठते, शाळेतून आल्यावर पहिल्यांदा काय मागते, कोणत्या वेळी चिडचिड करते, मैदानात किंवा अंगणात किती वेळ असते, हे लिहून काढावे. अंथरुणावर पडण्याची वेळ आणि प्रत्यक्ष झोप लागण्याची वेळ या दोन्ही वेगवेगळ्या लिहाव्यात, कारण अनेक घरांत त्यांच्यामध्ये तासाभराचे अंतर निघते.

या नोंदी ताडून पाहण्यासाठी काही आकडे हाताशी असावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल हवी, त्यांपैकी किमान ६० मिनिटे धावपळीची असावीत. झोप दुपारची धरून १० ते १३ तास व्हावी आणि बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ एका तासापलीकडे जाऊ नये. पाच वर्षांपुढील मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारा खेळ किंवा व्यायाम हवा. सहा ते बारा या वयातील मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. सकाळी सहाला उठवायचे असेल तर रात्री नऊला झोप लागलेली हवी, हा साधा हिशेब पुष्कळ घरांत कधी मांडलेलाच नसतो. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला, त्यामागेही मुलांची अपुरी झोप हेच कारण होते.

हे पान भरल्यावर दुखणे भलतीकडेच आहे असे अनेकदा लक्षात येते. आमच्या मुलाला भाज्या आवडत नाहीत अशी आमची वर्षभर ठाम समजूत होती. आठवडाभराच्या नोंदींत दिसले की तो रोज संध्याकाळी सात वाजता दुधात बुडवून पाच-सहा बिस्किटे खात होता आणि साडेआठला पानावर बसत होता. भूक मेलेल्या मुलापुढे दुधी ठेवून आम्ही त्याच्या आवडीनिवडीची परीक्षा घेत होतो. बिस्किटे बंद करून पाच वाजता पोटभर खायला दिले आणि जेवण पाऊण तास अलीकडे आणले, एवढ्याने अर्धे भांडण मिटले.

दुसरी पायरी : एकच सवय निवडून ती जुन्या खुंटीला टांगावी

एका वेळी एकच सवय हाती घ्यावी आणि ती घड्याळाच्या काट्याला न जोडता रोज न चुकता घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडावी. आपल्या जुन्या घरांना हे तंत्र चांगले ठाऊक होते. दिवेलागण झाली की खेळ थांबवून हातपाय धुवायचे आणि देवापुढे बसायचे, पानावर बसले की आधी श्लोक म्हणायचा. एक गोष्ट घडली की दुसरी तिच्यापाठोपाठ येत असे, आठवण करून द्यावी लागत नसे. आजही तसेच करता येते. दप्तर जागेवर ठेवले की हात धुवायचे, जेवून ताट मोरीत ठेवले की दात घासायचे, चपला घातल्या की पाण्याची बाटली घ्यायची. खुंटी पक्की असावी, म्हणजे रविवारी आणि पाहुणे आले असतानाही घडणारी असावी.

एकवीस दिवसांत सवय लागते हे वाक्य सर्वत्र ऐकू येते, पण त्यावर विसंबून राहू नये. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रौढ माणसांना एखादी कृती अंगवळणी पडायला मध्यममानाने ६६ दिवस लागल्याचे दिसले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मोठ्यांची ही कथा, तर मुलांना दोन-तीन महिने देण्यात काहीच जास्तीचे नाही. त्याच अभ्यासातला दिलासा असा की मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही.

तिसरी पायरी : मुलाला खरे काम द्यावे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा, असे मी आग्रहाने सांगेन. मुलांना खेळण्यातली भातुकली आवडते, पण खरी पोळी लाटायला मिळाली तर ती भातुकली सोडून धावत येतात. आपण घाईमुळे त्यांना बाजूला सारतो आणि नंतर तीच मुले पानावर तोंड फिरवतात.

भाजीची सुरुवात मंडईत करावी. मुलाच्या हाती छोटी पिशवी द्यावी आणि पाव किलो भेंडी निवडण्याचे काम पूर्णपणे त्याच्याकडे सोपवावे. भेंडीचे टोक बोटाने वाकवले की कोवळी भेंडी टच्चकन मोडते आणि जून भेंडी नुसती वाकते, हे एकदा दाखवले की पुढच्या वेळी मूल टोपलीपुढून हलत नाही. (सगळी टोके मोडली जाऊ नयेत म्हणून आधी भाजीवाल्या मावशींना विचारून घ्यावे, त्या बहुधा हसून एखादी भेंडी हातात देतात.) घरी आल्यावर ती भेंडी धुऊन फडक्याने कोरडी करणे हेही त्याचेच काम. माझी मुलगी पाच वर्षांची असताना जेवायला बसल्यावर आजोबांना म्हणाली, “आजोबा, तुमच्या पानातली भेंडी मी मोडून बघितलेली आहे, ती जून नाही, तुम्ही खा.” त्या दिवशी तिने स्वतःही खाल्ली. खाण्याचा आग्रह कोणी केलाच नव्हता.

दुसरे काम पेरणीचे. चमचाभर मेथीदाणे रात्री भिजत घालावेत. सकाळी एखाद्या पसरट डब्याच्या तळाला भोके पाडून त्यात चार बोटे माती भरावी, दाणे दाट पेरावेत आणि वर मातीचा पातळ थर द्यावा. खिडकीत ठेवून मुलाने रोज हाताने पाणी शिंपडावे. दोन-तीन दिवसांत मोड वर येतात आणि साधारण दहा-बारा दिवसांत बोटभर उंचीची कोवळी रोपे होतात. मुंबईच्या बाजारात समुद्रमेथी म्हणून ज्या इवल्या जुड्या मिळतात, तशीच ही दिसते. मुलाने ती कात्रीने कापून स्वतः धुवावी, थालीपीठ करायचे असेल तर त्याच्या पिठात घालावी, नाहीतर पिठल्यावर भुरभुरावी. मेथी किंचित कडू लागते आणि ती कडू लागेल हे मुलाला आधीच सांगावे. भाजी पराठ्यात किंवा कटलेटमध्ये लपवून खाऊ घालण्याची युक्ती मला पटत नाही. अडचणीच्या दिवशी ती चालेल, पण लपवलेल्या भाजीची ओळख होत नाही, आणि फसवणूक उघडी पडली की मूल पराठ्यावरही संशय घेऊ लागते.

पानावर बसल्यानंतर मात्र मोठ्यांनी आपले काम कुठे संपते हे ओळखायला हवे. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली कामाची वाटणी अत्यंत उपयोगी आहे : काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे आईवडिलांनी ठरवायचे, खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवायचे. नवी भाजी एका चमच्याहून अधिक वाढू नये, शेजारी वरण-भात किंवा पोळी यांसारखे त्याच्या ओळखीचे काहीतरी असावे, आणि नाकारली तर चेहरा न पाडता चार दिवसांनी पुन्हा चमचाभर वाढावी. नवी चव स्वीकारायला मुलांना अनेकदा आठ ते पंधरा वेळा ती चाखावी लागते. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या नकारानंतरच ‘याला पडवळ चालत नाही’ असा शिक्का बसतो आणि तो मोठेपणीही पुसला जात नाही. लहानग्यांसाठी एक घास चिऊचा, एक घास काऊचा ही आपली रीत उत्तम आहे, मात्र घास मुलाने चिऊला भरवायचा आणि मग स्वतः घ्यायचा. मोबाइलवर चित्रे लावून नकळत भरवलेला घास पोटात जातो, पण भूक लागणे आणि पोट भरणे या दोन्ही जाणिवा मुलाला त्यातून कळत नाहीत. चार वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा अख्खी द्राक्षे देऊ नयेत, ती श्वासनलिकेत अडकू शकतात. शेंगदाण्याचे कूट किंवा लाडू चालतो, द्राक्षे उभी चिरून द्यावीत.

हात धुण्यासाठी एक प्रयोग सुचवते. मुलाच्या तळहातावर दोन थेंब गोडेतेल आणि चिमूटभर हळद चोळावी. नुसत्या पाण्याखाली हात धरल्यावर पिवळेपणा जात नाही हे त्याला पाहू द्यावे. मग अंगाच्या साबणाची वडी लावावी. वडीचा साबण अल्कधर्मी असल्याने हळद लालसर होते, आणि हे पाहून मुलांचे डोळे विस्फारतात. तेल साबणाने सुटते, आणि बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याभोवती, नखांच्या कडांना पिवळे कुठे राहिले हे मूल स्वतः शोधून काढते. साबण लावून किमान वीस सेकंद चोळायचे कशासाठी, ते मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नखांवर दिवसभर थोडी हळद राहते, म्हणून हा प्रयोग सुट्टीच्या दिवशी आणि जुन्या कपड्यांवर करावा.

बक्षिसांचा प्रश्न

येथे थोडे थांबायला हवे, कारण सदिच्छेने दिलेली बक्षिसेच बहुधा गोडी घालवतात. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या परिसरातील बालवाडीत एक प्रयोग केला. चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्रक मिळेल असे आधी सांगितले, काहींना ते न सांगता नंतर दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात, बक्षीस ठरवून चित्र काढलेल्या मुलांनी इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रे काढली. आवडते काम त्यांच्या दृष्टीने मजुरीचे झाले होते.

‘भाजी संपवलीस तर आइस्क्रीम’ या वाक्याचा अर्थ मूल असा लावते की भाजी ही शिक्षा आहे आणि आइस्क्रीम हे खरे अन्न. त्याऐवजी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज रात्री मुलाने स्वतः रंगीत ठिपका काढावा. महिनाअखेर ठिपके मोजावेत, त्यावर काही मिळणार नाही हे आधीच ठरलेले असावे. आपणही आपल्या एखाद्या सवयीचा ठिपका शेजारी काढावा. बाबांचा चालण्याचा ठिपका चुकला की मुले तो लगेच दाखवतात, आणि ते मान्य करण्याने मुलांच्या मनात त्या दिनदर्शिकेचा मान वाढतो. कौतुक करतानाही ‘शहाणी गं माझी ती’ यापेक्षा ‘आज मागच्या दाढेपर्यंत ब्रश नेलास’ असे नेमके सांगावे, म्हणजे पुन्हा काय करायचे ते तिला कळते.

रात्रीचे दात : एक सवय सुरुवातीपासून शेवटपर्यंत

वर सांगितलेले सर्व एका सवयीत कसे बसते, हे दाखवण्यासाठी मी रात्री दात घासण्याची सवय निवडते, कारण सकाळचे घासणे बहुतेक घरांत होते आणि रात्रीचे राहून जाते. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांवर राहिलेल्या अन्नकणांतून जंतूंनी तयार केलेले आम्ल धुऊन जात नाही. रात्री घासल्यानंतर पाण्याखेरीज काहीही देऊ नये. झोपताना दूध देण्याची पद्धत असेल तर ते जेवणाबरोबर किंवा घासण्याआधी द्यावे. दुधाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपू लागले की पुढचे वरचे दात किडतात, हे दंतवैद्य रोज पाहतात.

ताट मोरीत ठेवले की आई किंवा बाबांपैकी एकाने मुलाबरोबर आरशापुढे जावे आणि स्वतःचाही ब्रश हातात घ्यावा. फ्लोराइड असलेली टूथपेस्ट तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा या वयात वाटाण्याएवढी पुरते. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली दिसते तेवढी कधीच लागत नाही. त्यानंतर पाळी लावावी : आधी मुलाने तुमचे दात घासायचे, मग तुम्ही त्याचे. हे पहिल्या दिवशी विचित्र वाटते, पण आईच्या तोंडात डोकावून दाढा मोजायला मिळणे, एखादी चांदी भरलेली दाढ सापडणे आणि ‘आऽऽ कर’ असा हुकूम सोडायला मिळणे यात मुलाला जो आनंद होतो, त्याच्या बदल्यात ते आपलेही तोंड निमूटपणे उघडते. ब्रश अर्थातच प्रत्येकाचा वेगळा. तुम्ही त्याचे दात घासत असताना दोन मिनिटांची गोष्ट सांगावी आणि ती उत्कंठेच्या जागी थांबवून बाकीची उद्या रात्रीच, ब्रश तोंडात असतानाच, पुढे न्यावी. आमच्या घरी सुगरणीच्या घरट्यातल्या एका पिल्लाची गोष्ट अशीच दोन महिने चालली.

साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हातांना नीट घासण्याइतके नेमकेपण आलेले नसते, म्हणून तोवर मोठ्यांनी एक हात फिरवायलाच हवा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या वीस दातांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडलेला नसतो, त्यामुळे ती कायमची आहे हे कित्येकांच्या लक्षात येत नाही आणि दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. ती उगवली की मुलाला बोट लावून दाखवावी, ‘ही म्हातारपणापर्यंत तुझी’ असे सांगावे आणि तिच्या राखणीचे काम त्याच्यावर सोपवावे. घासून झाल्यावर फेस थुंकावा, मात्र भरपूर चुळा भरू नयेत, म्हणजे थोडे फ्लोराइड दातांवर राहते.

खेळ, स्क्रीन आणि झोप

खेळाची गोडी लावावी लागत नाही, जागा आणि सोबती मिळवून द्यावे लागतात. इमारतीतल्या चार घरांनी ठरवून सहा ते सात ही वेळ मोकळी ठेवली की लगोरी, डबा ऐसपैस, विषामृत, साखळी हे खेळ वाहनतळाच्या कोपऱ्यातही रंगतात. पहिला आठवडा एखाद्या मोठ्याने नियम शिकवायला खाली उतरावे, कारण हे खेळ आजच्या पुष्कळ मुलांना कोणी शिकवलेलेच नसतात. शक्य तेवढा खेळ दिवसाउजेडी आणि घराबाहेर व्हावा. उघड्यावरच्या उजेडात घालवलेल्या वेळेमुळे लांबचे अंधुक दिसण्याचा चष्मा लागण्याची शक्यता कमी होते. पावसाळ्यात घरात लंगडी, सूर्यनमस्कार, नाहीतर उशांची रचलेली अडथळ्यांची शर्यत चालते.

स्क्रीन बक्षीस म्हणून देऊ नये आणि शिक्षा म्हणून काढूनही घेऊ नये, दोन्हींमुळे तिचे मोल वाढते. तिची वेळ आणि जागा ठरलेली असावी. जेवताना घरातल्या सर्वांचे फोन एका टोपलीत जावेत, त्यात आजोबांचाही.

झोपेआधी तासभर सर्व स्क्रीन बंद करून दिवे मंद करावेत आणि क्रम रोज तोच ठेवावा : दात, लघवी, अंथरूण, गोष्ट, अंधार. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत मुलांच्या झोपेच्या वेळी पुण्या-नागपुरात सकाळ झालेली असते, आजीची पूजा किंवा चहा चालू असतो. अशा वेळी फोन पालथा ठेवून केवळ आवाजावर आजीची गोष्ट ऐकवता येते. मुलाला आजीचा आवाज मिळतो, मराठी कानावर पडते आणि डोळ्यांपुढे उजेडही राहत नाही.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे

काही गोष्टी सवयीने सुटत नाहीत. मूल मोजून चार-पाच पदार्थांपलीकडे काहीच खात नसेल, ठरावीक पोत जिभेला लागताच उमासे येत असतील, वजन वाढत नसेल, रोज मोठ्याने घोरत असेल किंवा तोंड उघडे ठेवून झोपत असेल, पुरेशी झोप होऊनही दिवसभर पेंगत असेल, किंवा दातावर पांढरा वा तपकिरी डाग दिसत असेल, तर घरगुती प्रयोग लांबवू नयेत. बालरोगतज्ज्ञ किंवा दंतवैद्य यांच्याकडे जावे.

सवय मोडल्यावर

गणपती, दिवाळी, ताप, मे महिन्यात मामाकडे काढलेले तीन आठवडे, यांत घडी विस्कटतेच. त्या काळात सर्व काही टिकवण्याची धडपड करू नये. रात्रीचे दात एवढे एकच राखावे, बाकी आंबे खाऊन उशिरा झोपू द्यावे. परतल्यावरही सर्व सवयी एकाच दिवशी सुरू न करता आधी झोपेची वेळ रोज पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी, कारण झोप जागेवर आली की भूक आणि स्वभाव दोन्ही जागेवर येतात. ब्रश दर तीन महिन्यांनी किंवा केस फाकले की बदलायचाच असतो, तेव्हा तो बदल या परतीच्या दिवसाशी जुळवून घ्यावा. दुकानात रंग मुलाने निवडावा, आणि त्या रात्री ताट मोरीत ठेवून झाल्यावर नवा ब्रश त्यानेच तुमच्या ब्रशाशेजारी पेल्यात उभा करावा.